उपकेंद्रात मिळणारी बीपीची गोळी: तुमच्या गावात काय परिस्थिती आहे?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी,

गावाकडच्या आरोग्याचा विषय निघाला की बोलणं लगेच पाच लाखांच्या कार्डावर येतं. कार्ड निघालं का, कुठल्या हॉस्पिटलात चालतं, पांढऱ्या रेशनकार्डावर मिळतं का. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्या कुटुंबांना लागू करायचा आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर न्यायचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. त्या योजनेमुळे जमीन विकायची वेळ टळली अशी घरं मला माहीत आहेत. पण ती माणूस भरती झाल्यावर कामाला येते. रोजची बीपीची गोळी तिच्यात बसत नाही.

मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या पायरीबद्दल. आमच्या खटाव-माण पट्ट्यात अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला माणूस नाही अशी वाडी शोधावी लागेल. यातल्या किती जणांना आपलं बीपी वाढलंय हे आधी ठाऊक होतं, असं घरच्यांना विचारलं की दोनच उत्तरं येतात. एक, कधी मोजलंच नव्हतं. दोन, गोळी चालू होती, मग बीपी उतरलं म्हणून बंद केली. कार्डावर उपचार होतात, माणूस वाचतो. गेलेला हात मात्र बहुतेक वेळा पहिल्यासारखा होत नाही, आणि घरातली एक बाई, सून म्हणा, मुलगी म्हणा, त्या खाटेपाशी अडकून पडते.

आणि ही गोळी गावातच फुकट मिळते! साध्या भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा आपल्याकडचा नियम. पूर्वी तिथं नर्सबाई असायच्या आणि काम मुख्यतः बाळंतपण, लसीकरण, कुटुंब नियोजन एवढंच. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आलं, त्याचे दोन भाग होते. विम्याचा भाग सगळ्यांना माहीत झाला. दुसरा भाग म्हणजे उपकेंद्रांचं आरोग्यवर्धिनी केंद्र करायचं. त्यातल्या पहिल्या केंद्राचं उद्घाटन १४ एप्रिल २०१८ ला छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात जांगला इथं झालं. २०२३ च्या शेवटी या केंद्रांचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे आपण सीएचओ म्हणतो ते, बसतात. आपल्याकडे त्यात बीएएमएस झालेले बरेच आहेत. तिशीवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर तपासायची, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी करायची, ज्याला गरज आहे त्याला औषध सुरू करायचं किंवा वर पाठवायचं, हे त्यांचं काम.

आमचा सातारा जिल्हा याबाबतीत आणखी पुढे असायला हवा. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याची रीत मला फार पटते. औषधांचा क्रम ठरलेला, महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड केंद्रात ठेवायचं, आणि महिना उलटून गेल्यावर ज्याचं कार्ड बाहेर निघालं नाही त्याला शोधायला जायचं. या शेवटच्या कामातच खरं मोल आहे.

आता अडचण. आमच्या पट्ट्यातल्या एका उपकेंद्रात मधल्या काळात गोळ्याच नव्हत्या. म्हातारी माणसं दोनदा हेलपाटा मारून रिकाम्या हाती परत गेली, आणि नंतर गोळ्या आल्या तरी त्यातली बरीचशी फिरकलीच नाहीत. चाळीस रुपयांच्या औषधाचा तुटवडा आम्हाला लाखाच्या दुखण्यात पडला.

तुमच्या गावात काय चाललंय? घरची मंडळी उपकेंद्रात जातात का? जात नसतील तर का? मोकळेपणाने लिहा.

बाभूळवन

चांगला धागा. आमच्या वडिलांचं स्पष्ट मत आहे की सरकारी गोळीत दम नसतो. गावातल्या खाजगी डॉक्टरांची गोळी महाग आहे म्हणून ती चांगली, असं त्यांचं गणित. दर महिन्याला पाचशेच्या पुढे जातात. त्यांना कसं समजवायचं? खरंच दोन्ही गोळ्या सारख्या असतात का?

जुना_एमओ

येरळाकाठ, तुम्ही विषय काढलात त्याबद्दल आभार. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) नोकरी करून निवृत्त झालो आहे.

बाभूळवन, वडिलांच्या स्ट्रिपवर मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा. बहुतेक ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन निघेल. उपकेंद्रातही हीच औषधं असतात. पहिली पायरी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, तेवढ्यानं भागलं नाही तर टेल्मिसार्टन जोडायचं, असा क्रम असतो. क्रम ठरलेला असल्यामुळे औषध कमी-जास्त करण्यासाठी प्रत्येक वेळी तालुक्याला जावं लागत नाही आणि खरेदीही मोजक्याच औषधांची करावी लागते. फक्त खाजगीत तीन औषधं एकत्र असलेली गोळी चालू असेल तर ती परस्पर बदलू नका. चिठ्ठी आणि स्ट्रिप घेऊन पीएचसीच्या डॉक्टरांना भेटा. आणि घरात मूल होण्याच्या वयाची बाई बीपीवर असेल तर तिने ते आवर्जून सांगावं, कारण टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही.

बीपी मोजण्याबद्दलही लिहितो, कारण चुकीच्या मोजणीवर कित्येक जण नको ती गोळी खातात आणि कित्येकांचं बीपी सुटून जातं. चालत आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक चढवलेले नकोत. हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवर बांधायचा नाही. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. मोजताना मशिनवाल्यानेही बोलायचं नाही आणि बसलेल्यानेही. दोनदा मोजायचं. १४०/९० किंवा त्याच्या वर आलं म्हणून लगेच शिक्का मारायचा नाही, पुन्हा वेगळ्या दिवशी बोलवायचं. फारच वर असेल, १८०/११० च्या पुढे, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आठवडी बाजारातल्या शिबिरात रांगेत उभ्या-उभ्या मोजलेलं बीपी मी कधीच खरं धरलं नाही.

बाभूळवन

धन्यवाद डॉक्टर. स्ट्रिपवर टेल्मिसार्टन ४० आहे, शिवाय साखरेची एक. पुढच्या खेपेला गावी जाईन तेव्हा अण्णांना घेऊन पीएचसीत जातो.

आशा_पवनी

नमस्कार सर्वांना. मी भंडारा जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. वर आमच्या जिल्ह्याचं नाव आलं म्हणून लिहायची इच्छा झाली.

लोकांना वाटते आशाताई फक्त डिलिव्हरीच्या बाया घेऊन जाते. तिशीवरच्या प्रत्येक माणसाचा फॉर्म आम्ही घरी जाऊन भरतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबर किती, व्यायाम किती, आईबाबांना बीपी-शुगर होती का, याचे गुण मांडतो. चारच्या वर गुण आले त्यांना आधी उपकेंद्रात पाठवतो, पण तपासणी सगळ्यांचीच करायची असते. एका फॉर्ममागे दहा रुपये मोबदला आहे. कमरेचा टेप लावायचा म्हटलं की पुरुष मंडळी हसतात, बाया आत निघून जातात. रोवणीच्या दिवसांत घरात कोणी सापडत नाही, म्हणून सकाळी सातच्या आत जावं लागते.

आमच्याकडे बीपीपेक्षा मोठं संकट खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं आहे. वीस-बावीस वर्षांची पोरं, दिवसाला पाच-सहा पुड्या. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं आहे, माणसाला तोंड उघडायला सांगायचं आणि त्याचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का पाहायचं. कित्येकांची दोनच जातात. तिखट लागते, भाजी झोंबते, असं ते सांगतात तेव्हा त्यांना वाटते पोटाची गरमी आहे. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला किंवा पंधरा दिवसांत न भरणारा फोड असला की मी सीएचओ मॅडमकडे घेऊनच जाते, नुसतं जा म्हटलं तर कोणी जात नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर आमच्याकडे बऱ्यापैकी मिळतात. ज्यांचं कार्ड राहिलं त्यांची यादी मॅडम मला देतात आणि मी फिरते. घरी गेलं की पहिलं वाक्य हेच असते, "आता बरं वाटते ना, म्हणून नाही आलो." बीपीत काहीच दुखत नाही, हेच त्याचं वाईट आहे.

एक विनंती सगळ्यांना. आमचा मोबदला महिनोन्महिने उशिरा येतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, तो आम्हाला अभिमानच आहे. पण मोबदल्यासाठी आम्ही मोर्चा काढला, संपावर गेलो तर "कामं सोडून बसल्या" असं म्हणू नका. गावानं आमच्या बाजूनं बोलावं.

येरळाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. तीन बोटांची तपासणी मी आमच्या शाळेच्या पालकसभेत सांगणार आहे. मोबदल्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ज्या बाईच्या पायांवर हा सगळा कार्यक्रम उभा आहे तिला फॉर्ममागे दहा रुपये आणि तेही उशिरा, हे मनाला लागतं.

धाराशिवची_लेक

कॅन्सरच्या तपासणीचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागाबद्दल लिहिलं पाहिजे.

फार लोकांना माहीत नसतं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा जगभर गाजलेला एक अभ्यास आमच्या जिल्ह्यात झाला. तेव्हा त्याचं नाव उस्मानाबाद होतं. १९९९ मध्ये सुरुवात झाली, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त खेड्यातल्या बायका त्यात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या गटातल्या बायकांची एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी झाली आणि दोष असलेल्यांवर उपचार झाले, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. एका चाचणीने! त्या बायका आमच्या आज्या, आत्या, मावश्या. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणीही बार्शीचीच, १९८७ पासूनची.

आणि इतकं असूनही आज त्याच भागात उपकेंद्रातली तपासणी करून घ्यायला बायका तयार होत नाहीत. उपकेंद्रात बहुधा ॲसिटिक ॲसिड लावून बघण्याची सोपी तपासणी होते, एचपीव्हीची नाही. तीही पाच वर्षांतून एकदा करायची, दहा मिनिटांचं काम. आमच्याकडे एका ठिकाणी मी आईला घेऊन गेले तेव्हा तपासणीच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती आणि खिडकीला पडदा नव्हता. बाहेरच्या बाकावर गावातलेच चार पुरुष बसलेले. कोण बाई आत जाईल? मी सिस्टरना म्हटलं, त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही तरी किती वेळा सांगायचं?" शेवटी गावातल्या बचत गटाने पडदा शिवून दिला आणि सरपंचांनी कडी बसवून घेतली. त्यानंतर बायका जाऊ लागल्या, आधी सासवा, मग सुना.

तपासणीला नकार देणाऱ्या बाईला अडाणी म्हणण्याआधी त्या खोलीकडे एकदा बघावं, असं मला कळकळीनं वाटतं.

मृगनक्षत्र

धाराशिवची लेक, खूप छान लिहिलंत. आईला या रविवारीच फोन करते.

एक शंका: आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड एकच का? गावात शिबिरात आभा काढून दिलं आणि "आता पाच लाखांचे उपचार फुकट" असं सांगितलं म्हणे.

येरळाकाठ

नाही, दोन्ही वेगळी आहेत. आभा म्हणजे तुमच्या तपासण्या आणि उपचारांच्या नोंदी एकत्र ठेवण्यासाठीचा १४ आकडी क्रमांक. त्यावर पैसे मिळत नाहीत. भरती होऊन मोफत उपचार मिळतात ते आयुष्मान कार्डावर किंवा महात्मा फुले योजनेत. सत्तरीच्या पुढच्यांसाठी २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेलं वय वंदना कार्ड आहे, ते आजी-आजोबांचं जरूर काढा. आभा नाही म्हणून उपकेंद्रातली गोळी कोणी नाकारू शकत नाही. आणि हेही सांगतो, ऑगस्ट २०२३ पासून आपल्या राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं नि:शुल्क आहे.

गाविलगड

मेळघाटातून लिहितो आहे. इथलं गणित तुमच्याहून वेगळं. तुमच्याकडे माणूस उपकेंद्रात जात नाही हा प्रश्न, इथे उपकेंद्रापासून ढाणा, म्हणजे आदिवासी वस्ती, किती किलोमीटरवर आणि पावसाळ्यात नाला वाहतोय का हा प्रश्न. १०८ ला फोन लावायचा तर आधी टेकडीवर चढून रेंज पकडावी लागते, अशी गावं अजून आहेत. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये आली, ९३७ गाड्यांनी सुरुवात झाली. सपाटीवर तिनं किती जीव वाचवले असतील! पण डोंगरात गाडी येईपर्यंत बाळंतपण खाटेवर होऊन जातं.

म्हणून मला सगळ्यात शहाणपणाची योजना वाटते ती माहेरघराची. आदिवासी भागातल्या पीएचसीच्या आवारात एक-दोन खोल्या. दिवस भरत आलेल्या बाईनं चार-पाच दिवस आधीच तिथे येऊन राहायचं, सोबत घरची एक बाई, लहान पोर असेल तर तेही. दोघींचं जेवण तिथं. गाडी बाईकडे पोचत नाही ना, मग बाईलाच आधी गाडीपाशी आणून ठेवा, इतका साधा विचार आहे. पण ते चालवायला माणूस लागतो. जिथे स्वयंपाकाची सोय नीट, चूल पेटवू देतात, कोरकूत बोलणारी मदतनीस आहे, तिथे बायका राहतात. जिथे नुसती पाटी आणि कुलूप आहे तिथे कोण येणार?

दुसरी म्हणजे अमृत आहार. आदिवासी भागात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण. घरी शिधा दिला की तो सगळ्यांच्या ताटात वाटला जातो, बाईच्या वाट्याला उरत नाही. अंगणवाडीत बसून जेवली की ते तिच्याच पोटात जातं.

आणि बाळाच्या बाबतीत गडचिरोलीचं नाव घ्यायलाच हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळ तपासायची पद्धत बसवली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. २०११ पासून तीच पद्धत देशभर आशांच्या कामात आली. बाळ दवाखान्यात झालं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते, वजन करते, ताप बघते, बाळ दूध ओढतंय का पाहते.

पोटाला चटके द्यायची डम्मा अजून पूर्ण गेलेली नाही. भूमकाला, म्हणजे चटके देणाऱ्या गावच्या वैदूला, शिव्या देऊन ती जाणार नाही. आमच्याकडे ज्या नर्सनी भूमकाशी बोलणं ठेवलं, त्यांच्याकडे आता तोच भूमका पोर घेऊन येतो.

सत्तरीकर

गोव्यातून. आमच्याकडे अंतरं कमी, त्यामुळे सोपं आहे हे मान्य. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हार्ट अटॅकसाठी 'स्टेमी' नावाचा सरकारी प्रकल्प आहे. छातीत दुखतंय म्हणून कोणी जवळच्या सरकारी केंद्रात गेला की तिथेच ईसीजी काढतात, तो बांबोळीच्या जीएमसीतले (गोवा मेडिकल कॉलेजमधले) डॉक्टर तिथून बघतात, आणि गरज असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन त्याच केंद्रात फुकट देतात. मग रुग्णवाहिकेतून जीएमसीत. पहिला तास वाया जात नाही. माझ्या शेजाऱ्यांचा जीव असाच वाचला. त्यांनाही बीपी होतं आणि गोळी बंद केलेली होती, म्हणजे गाडी पुन्हा तुमच्या विषयावरच येते.

रोखठोक

सगळ्यांचं वाचलं. मी कडू बोलतो, पण मनापासून बोलतो. आमच्या तालुक्यात इमारती रंगवल्या, पाट्या लागल्या, आणि आत डॉक्टरची जागा रिकामी. मोहीम आली की अमुक हजार लोकांची तपासणी झाली असे फलक लागतात. तपासणी झाली, पुढे काय झालं? माझ्या चुलतीला शिबिरात साखर जास्त निघाली असं सांगितलं, एक चिठ्ठी दिली, आणि पुन्हा कोणी विचारलं नाही. दोन वर्षांनी पायाची जखम भरेना तेव्हा अंगठा काढावा लागला. नुसतं मोजून मोकळं होण्याला प्रतिबंध म्हणू नका.

जुना_एमओ

रोखठोक, तुमच्या चुलतीबद्दल वाईट वाटलं. तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. सरकारी नोकरीत असताना आमच्या मासिक सभेत वरून विचारणा व्हायची ती तपासणी किती झाल्या याची, कारण तो आकडा लवकर वाढतो. विचारायला हवा तो वेगळा आकडा: ज्यांची नोंद आहे त्यांच्यापैकी मागच्या तीन महिन्यांत किती जण आले, आणि आले त्यातल्या किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे. हा आकडा उपकेंद्राच्या रजिस्टरवरून अर्ध्या तासात काढता येतो. उच्च रक्तदाबाच्या ज्या उपक्रमाचा वर उल्लेख आहे त्यात हाच आकडा बघतात, म्हणून तो मला इतर मोहिमांपेक्षा वेगळा वाटतो. मे २०२३ मध्ये केंद्राने २०२५ पर्यंत साडेसात कोटी बीपी-मधुमेहाच्या रुग्णांना नियमित उपचारांवर आणायचं ठरवलं. त्यातही भर होता तो "उपचारांवर असण्यावर". गावानेही तोच प्रश्न विचारावा.

विचारायची जागाही आहे. प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिराला जन आरोग्य समिती असते, त्यात सरपंच आणि गावातली माणसं असतात, आणि केंद्राच्या किरकोळ गरजांसाठी बंधनमुक्त निधी असतो. कडी, पडदा, बीपी मशिनची बॅटरी, बसायला बाक हे सगळं त्यातून होतं. धाराशिवच्या ताईंच्या गावात बचत गटाने पदराला खार लावून केलं, ते त्या निधीतून व्हायला हवं होतं. आपल्या राज्यात २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. गावकरी दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. मी अशा एका सुनवाईत खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहे. त्या दिवशी घाम फुटला होता, आणि पुढच्या महिन्यात बंद पडलेला पाण्याचा पंप दुरुस्त झाला.

कोथरूडहून

आईवडील गावी, मी पुण्यात. सीएचओंनी ई-संजीवनीवरून आईला स्क्रीनवर डॉक्टरांशी बोलायला दिलं, त्यांनी गोळी वाढवली आणि ती तिथल्या तिथे मिळाली. पूर्वी एवढ्यासाठी बाबा तिला स्कूटरवर बसवून २२ किलोमीटर न्यायचे. फक्त इतकंच सांगायला लॉग-इन केलं.

पाटोद्याचा

बीड जिल्ह्यातून एक प्रश्न आहे. आमच्या गावातले निम्मे लोक दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातात, थेट मार्च-एप्रिलला परत. बरेच जण कराड, साताऱ्याकडेच. २०१९ मध्ये ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, समिती नेमली गेली, तेव्हापासून जायच्या आधी आणि आल्यावर तपासणी व्हावी असं बोललं जातं. पण मधल्या सहा महिन्यांचं काय? माझ्या मामीला बीपी आणि शुगर दोन्ही आहे. इथून महिन्याच्या गोळ्या घेऊन गेली, संपल्या की बंद. फडात पहाटे चारला कोयता हातात घ्यायचा, दवाखान्यात जायचं तर त्या दिवसाचा खाडा कापला जातो. तिला तिकडच्या उपकेंद्रात गोळ्या मिळतील का? तिचं नाव तर आमच्या गावात आहे.

जुना_एमओ

मिळायला हव्यात. उपकेंद्र समोर आलेल्या माणसाला औषध देतं, रहिवासाचा दाखला लागत नाही. तीन गोष्टी करा. निघण्यापूर्वी सीएचओंना सांगून जास्तीत जास्त जितक्या देता येतील तितक्या गोळ्या घ्या, स्थलांतर आहे म्हटल्यावर दोन-तीन महिन्यांच्या देता येतात. दुसरं, तिच्या उपचार-कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, औषधाचं नाव, मात्रा आणि शेवटचं बीपी-साखर दिसेल असा. तिसरं, शुगर आहे आणि दिवसभर उसाच्या पाचटात पाय, तर रोज रात्री तळपाय नीट बघायला सांगा. जखम असली तर खाडा पडला तरी चालेल, जायचंच. रोखठोक यांनी वर काय लिहिलंय ते मामीला वाचून दाखवा.

येरळाकाठ

पाटोद्याचा, मामींची टोळी कोणत्या कारखान्याकडे आणि कुठल्या गावाच्या शिवारात उतरते ते मला व्यनि (खाजगी निरोप) करा. आमच्या भागात असेल तर तिथल्या सीएचओंशी मी स्वतः बोलतो. गेल्या हंगामात आमच्या इथल्या आरोग्यसेवकांनी कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या झोपड्यांवर, संध्याकाळी फेरी काढली होती, लहान पोरांच्या लसीकरणासाठी. त्याच फेरीत बीपीचं मशिन आणि गोळ्या नेता येतील का, हे या महिन्याच्या जन आरोग्य समितीच्या बैठकीत मांडतो. गोळ्यांच्या तुटवड्याचा विषय तर आहेच. जुना एमओ, तुम्ही सांगितलेले दोन आकडेही मागतो.

आशा_पवनी

येरळाकाठ दादा, फेरी संध्याकाळी सातनंतर ठेवा, त्याच्या आधी फडावरची माणसं परत आलेली नसतात. आणि टोळीच्या मुकादमाला आधी फोन करा. आमच्याकडे वीटभट्टीवर आम्ही असंच करतो. मुकादमाचं स्वतःचं बीपी आधी मोजा, मग तो सगळ्यांना बोलावून आणते.

पाटोद्याचा

व्यनि केला आहे. टोळी दसऱ्यानंतर निघेल. मामीच्या कार्डाचा फोटो उद्या काढून आणतो.